जिभेचे चोचले? आधी घड्याळ बघा

‘हॉस्टेलची पोरं वडापाववर जगतात, कारण त्यांना घरचं गोड लागत नाही.’ हे वाक्य सोलापुरात मी कितीतरी वर्षं ऐकतोय. बोलणाऱ्यांत बहुधा काका मंडळी, तीही हातात भजी घेऊन!

खरं कारण चवीत कमी, वेळापत्रकात जास्त आहे. २००४ साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ पुणे महामार्गावर केगावला, म्हणजे शहराबाहेर. पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोटकडची पोरं खोली घेऊन राहतात. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मेसची वेळ ठरलेली. ती हुकली की हातगाडीच. खोलीत गॅस नसतो, फ्रिज तर नाहीच. खिशातले पैसे महिनाअखेरीस संपतात, आणि चार मित्र चहाला निघाले की एकटा डबा उघडून बसणं जिवावर येतं. त्यात परीक्षा आली की जागरण, आणि अपुऱ्या झोपेनं गोड-तळलेल्याची ओढ वाढते. आहाराची माहिती सगळ्यांना असते हो. ती माहिती शिजवायची कुठे?

घरचं आवडत नाही म्हणता, तर सुट्टीहून परतलेल्या पोराची पिशवी उघडून बघा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघणारच. दोन्ही बरेच दिवस टिकतात, शिजवावं लागत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. वर दही मिळालं तर उत्तमच. पिशवी मात्र आठवड्यात रिकामी होते, कारण खोलीतले बाकीचे तिघंही सोलापूरचेच.