मिश्र प्रोग्रामचे डीबगिंग (सी व असेंब्ली)

काही भाग सी भाषेत आणि काही असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेक सूचनेच्या भाषेत, लिहिलेल्या प्रोग्राममधला दोष हुडकून काढण्याची पद्धत. मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि वेगाची निकड असलेली फंक्शने ही अशा प्रोग्रामची नेहमीची ठिकाणे. खानदेशात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांची या विषयाशी गाठ पडते ती बहुधा ८०५१ किंवा एव्हीआर हे मायक्रोकंट्रोलर शिकताना.

असा दोष बहुतेक वेळा दोन भाषांच्या वेशीवर असतो. फंक्शनला दिलेल्या किमती कोणत्या रजिस्टरात (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) ठेवायच्या, उत्तर कुठून घ्यायचे, कोणती रजिस्टरे होती तशी परत करायची, हे कॉलिंग कन्व्हेन्शन ठरवते. सीच्या बाजूने कंपायलर ते पाळतो. असेंब्लीत ते लिहिणाऱ्यालाच पाळावे लागते आणि मोडले तरी असेंब्लर (असेंब्लीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) किंवा लिंकर (तुकडे जोडणारा) चकार शब्द काढत नाही. शिवाय ते सगळीकडे सारखे नसते. ६४ बिटी लिनक्सवर पहिल्या सहा पूर्णांक किमती आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांत जातात. विंडोजवर पहिल्या चारच रजिस्टरात जातात, त्याही आरसीएक्सपासून.

एक उदाहरण जवळून पाहू. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकाची मोटार चालवणारा, एटीमेगा३२८ या एव्हीआर चिपवरचा कंट्रोलर आहे असे धरू. सेन्सरचा आकडा चाराने गुणायचा आणि तितके सेकंद मोटार चालवायची. गुणाकाराचे फंक्शन असेंब्लीत आहे, बाकी सगळे सीमध्ये. टेबलावर आकडा ६० येतो, २४० सेकंदांनी मोटार बंद होते. बागेत आकडा ७० येतो आणि मोटार थांबतच नाही. पाहणारा आधी रिले तपासतो, मग स्टार्टर, मग वायरिंग.

कारण एका रजिस्टरात असते. एव्हीआरची एमयूएल ही सूचना गुणाकार आर१ आणि आर० या जोडीत ठेवते, तर जीसीसी कंपायलर आर१ मध्ये कायम शून्य आहे असे धरून चालतो. २४० एका बाइटमध्ये (कमाल २५५) मावतात, म्हणून आर१ शून्यच राहते. २८० मावत नाहीत. आर० मध्ये २४ आणि आर१ मध्ये १ उरतो. पुढे सीमधली ‘मोटार = ०’ ही ओळ आर१ मधलेच ‘शून्य’ उचलते आणि मोटारच्या जागी १ लिहिते. उत्तर आर२४-आर२५ मध्ये हलवल्यावर ‘सीएलआर आर१’ (आर१ शून्य कर) एवढी एक ओळ घातली की काम झाले. मध्ये कुठे सीमधला दुसरा गुणाकार आला, तर कंपायलर स्वतःच आर१ साफ करतो आणि दोष दिसेनासा होतो. म्हणूनच तपासासाठी सीमध्ये नव्या ओळी घालत बसणे इथे धोक्याचे. त्या ओळीच लक्षण झाकून टाकतात.

त्यापेक्षा रजिस्टरे पाहावीत. जीडीबी या डीबगरमध्ये किंवा सिम्युलेटरमध्ये असेंब्ली फंक्शनच्या आधी व नंतर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्याची खूण) लावून ‘इन्फो रजिस्टर्स’ची दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत, फरक दिसला की ‘स्टेपआय’ने एकेक सूचना पुढे जावे. ‘डिसअसेंबल’ करून कंपायलरने प्रत्यक्षात काय लिहिले ते वाचण्याची सवय मला सर्वांत मोलाची वाटते. सीची ओळ हेतू सांगते, यंत्र मात्र सूचना पाळते.

६४ बिटी इंटेल यंत्रांवर स्टॅकचा, म्हणजे फंक्शने तात्पुरत्या नोंदी ठेवतात त्या जागेचा, घोळ नेहमीचा. फंक्शनला हाक मारण्यापूर्वी स्टॅक पॉइंटर (स्टॅकच्या टोकाचा पत्ता) १६ च्या पटीत नसेल, तर प्रोग्राम कधीकधी थेट ‘प्रिंटएफ’ या छपाईच्या लायब्ररी फंक्शनच्या आत कोसळतो आणि बोट लायब्ररीकडे जाते. इनलाइन असेंब्लीत (सीच्या आतच लिहिलेल्या असेंब्लीत) बदललेली रजिस्टरे क्लॉबर यादीत, म्हणजे कंपायलरला द्यायच्या बदललेल्या रजिस्टरांच्या यादीत, सांगायची राहिली, तर ऑप्टिमायझेशनशिवाय सुरळीत चालणारा प्रोग्राम ‘ओ२’ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावताच चुकीची उत्तरे देऊ शकतो. अशा वेळी कंपायलरवर आळ घेण्याआधी ती यादी पुन्हा वाचावी.