मधुमेहाची औषधे घेऊन परदेशी जाताना : कोणते कागद लागतात आणि नेमके कुठे अडते

परदेशातील मुलांकडे काही महिने राहायला निघालेल्या मधुमेही आईवडिलांना सर्वांत मोठी धास्ती इन्सुलिनची असते. बाटली विमानात नेऊ देतील का, सुया काढून घेतील का, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. इन्सुलिनची बाटली १० मिलिलिटरची आणि पेनचे कार्ट्रिज ३ मिलिलिटरचे, म्हणजे हातातल्या सामानासाठी असलेल्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेच्या कितीतरी आत असते. शिवाय औषधांना त्या मर्यादेतून सूट आहे, आणि इन्सुलिनबरोबर असलेल्या सुयांनाही परवानगी मिळते. स्वतःच्या वापराची ही औषधे नेण्यासाठी भारतातून निघताना वेगळा परवाना काढावा लागत नाही. प्रवासी अडतो तो पोहोचल्यावर, आणि तेही बहुतेक वेळा कागद अपुरे असल्यामुळे.

लागणारा मुख्य कागद म्हणजे डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र, आणि नेमके तेच बहुतेकांकडे नसते. असते ती दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी. तिच्यावर ‘सौ. जोशी’ एवढेच नाव, खाली दुकानात मिळणाऱ्या ब्रँडची आखूड नावे आणि पुढे ‘१-०-१’. हे ब्रँड भारताबाहेर कोणाला ठाऊक नसतात, आणि ‘सौ. जोशी’ म्हणजे पासपोर्टवरील तीच व्यक्ती, हे मानायला तेथील अधिकारी बांधील नाही. म्हणून पत्र लेटरहेडवर असावे आणि त्यात पासपोर्टवर छापले आहे तसे संपूर्ण नाव, आजाराचे नाव, प्रत्येक औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव, त्याची मात्रा, दिवसातून किती वेळा घ्यायचे ते, मुक्कामाला पुरणारे एकूण प्रमाण आणि सुया, सिरिंज, ग्लुकोमीटर, पट्ट्या यांचा उल्लेख असावा. खाली सही, शिक्का आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. डॉक्टर गर्दीत असतात, ‘चिठ्ठी आहे ना, पुरेल ती’ असे म्हणतात, आणि पेशंट संकोचाने गप्प बसतो. तसे बसू नये. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, ही वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेतीलच अपेक्षा आहे, त्यामुळे आपण काही जगावेगळे मागत नाही. पासपोर्ट सोबत घेऊन जावे आणि नावाचे स्पेलिंग समोर बसूनच ताडून पाहावे.

पत्राइतकेच महत्त्व मूळ वेष्टनाला आहे. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापून सहा गोळ्या देतो, आणि औषधाचे नाव, बॅच व मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. अशा नावाविना गोळ्या, किंवा जागा वाचावी म्हणून पाकिटांतून काढून एका डबीत भरलेल्या गोळ्या, पत्राशी जुळवून दाखवता येत नाहीत. पूर्ण स्ट्रिपा घ्याव्यात, खोकी ठेवावीत आणि बिलही सोबत असावे.

किती दिवसांची औषधे न्यायची, याबाबत सर्वाधिक गोंधळ अमेरिकेच्या बाबतीत होतो. पर्यटक व्हिसावर सहा महिने राहायची मुभा बहुधा मिळते, म्हणून सहा महिन्यांची औषधे चालतील असे गृहीत धरले जाते. तेथील औषध प्रशासनाची सर्वसाधारण मर्यादा मात्र ९० दिवसांच्या औषधांची आहे. मुक्काम त्याहून मोठा असेल तर पुढील औषधे भारतातून मागवता येतात. त्या पार्सलबरोबर पासपोर्ट व व्हिसाची प्रत, डॉक्टरांचे पत्र आणि इंग्रजीतील चिठ्ठी जोडावी लागते. या प्रती निघण्यापूर्वीच घरी कोणाकडे तरी देऊन ठेवाव्यात, कारण पार्सल अडकल्यावर धावपळ करणाऱ्या मुलांचे हाल पाहवत नाहीत. ऑस्ट्रेलियात सोबत नेण्याची मर्यादा तीन महिन्यांची आहे. जपानमध्ये ती एकाच महिन्याची असून त्याहून अधिक नेण्यासाठी तेथील आरोग्य मंत्रालयाचे आयात प्रमाणपत्र प्रवासापूर्वी मिळवावे लागते. प्रत्येक देशाने हे नियम वेगळ्या संकेतस्थळावर, वेगळ्या भाषेत आणि भलत्याच शीर्षकाखाली ठेवले आहेत. सत्तरीच्या माणसाने ते शोधून काढावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मुलांनी हे काम तिकीट काढतानाच स्वतःकडे घ्यावे.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. मधुमेहामुळे पायांची आग होते, मुंग्या येतात, त्यासाठी दिलेली ‘नसांची गोळी’ अनेक जण व्हिटॅमिन समजून वर्षानुवर्षे घेत असतात. तिच्यात मिथाइलकोबालामिन या बी-१२ जीवनसत्त्वाबरोबर अनेकदा प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचे औषध असते, आणि प्रीगाबालिन संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडते. ते नेण्यासाठी चिठ्ठी व वैद्यकीय अहवाल जोडून तेथील आरोग्य यंत्रणेकडे प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ब्रिटनमध्येही २०१९पासून ते नियंत्रित औषध आहे. तेव्हा सर्व स्ट्रिपांच्या मागील बारीक अक्षरे आधी वाचावीत आणि हा घटक आढळल्यास डॉक्टरांना विचारावे. त्यांनी पर्याय दिला तर उत्तम, पण स्वतःच्या मनाने गोळी अचानक बंद करू नये.

सामान भरताना इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवावे. चेक-इन बॅग हरवू शकते, तिच्यातले इन्सुलिन थंडीने गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच असते. याच कारणाने बर्फाची पिशवी थेट बाटलीला टेकू देऊ नये. शरीरावर इन्सुलिनचा पंप किंवा शुगर मोजणारा सेन्सर असेल तर तो एक्स-रे यंत्रातून न्यावा की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून तपासणीपूर्वीच सांगावे.

औषध संपलेच तर तिथे घेता येईल, या भरवशावर राहू नये. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि व्होग्लिबोज ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी औषधे अमेरिकेच्या बाजारात नाहीत, आणि तेथील औषधविक्रेता भारतीय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्या देत नाही. साधे ह्यूमन इन्सुलिन मात्र तेथील बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळते, आणि खरा धोका तिथेच आहे. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुतांशी दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर तेथील १०० युनिटचे. लाल टोपीच्या, ४० युनिटच्या आपल्या सिरिंजमध्ये २० या खुणेपर्यंत तिथले इन्सुलिन भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. एवढ्याने शुगर प्राणघातक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून परदेशात बाटली घ्यावी लागलीच तर तिच्याबरोबर १०० युनिटची, नारिंगी टोपीची सिरिंजही तिथूनच घ्यावी आणि मात्रा आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारून मगच इंजेक्शन घ्यावे.