विमानाची नोकरी म्हणजे फक्त पायलट?

"विमानात नोकरी म्हणजे पायलट नाहीतर हवाईसुंदरी, आपल्या पोट्ट्याचं काम नाही," हे आमच्या पारावर वर्षानुवर्षं चालत आलंय. साफ चूक. नागपूरच्या मिहानात, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग-पट्ट्यात, विमानांची देखभाल-दुरुस्ती होते, फाल्कन या खासगी जेट विमानांचे सुटे भागही बनतात. तिथं फिटरचे हात लागतात. फक्त ट्रॅक्टरवाली "बसला घट्ट" ही सवय मोडावी लागते: बोल्ट टॉर्क रेंचनं ठरल्या मापातच आवळायचा, काम संपलं की पाने (स्पॅनर) मोजायचे, एक कमी भरला तर विमान हलत नाही.

विमान-दुरुस्तीच्या कोर्सची फी भरण्याआधी एक बघा. कॉलेजचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. दुरुस्तीनंतर विमान उडवायला हरकत नाही, अशी सही करायची तर डीजीसीएची (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची) परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि मग लायसन्स, एवढं सगळं लागतं.