चोक आधी की कंडेन्सर आधी? मिलिटरी रिसीव्हरचा पॉवर सप्लाय उघडण्याआधी वाचा

डायनॅमोटर (बॅटरीवर फिरून जास्त व्होल्टेज देणारं यंत्र) आणि मेन्स सप्लाय (घरच्या विजेवरचा) यातला फरक सांगत बसत नाही, बीसी-३१२ या अमेरिकन लष्करी रिसीव्हरला डायनॅमोटर आणि त्याच्याच भावाला, बीसी-३४२ ला, एसीवरचा आरए-२० सप्लाय, हे हा सेट घेणाऱ्याला माहीतच असतं. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) नंतर ते डीसी सपाट करायला चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावरची कॉइल, आणि कंडेन्सर यांचा फिल्टर असतो. त्यातला कंडेन्सर इनपुट, म्हणजे पहिला कंडेन्सर असलेला, सगळ्यांच्या हातातला आहे, घरगुती रेडिओत तोच असतो. घोळ होतो तो चोक इनपुटमध्ये, म्हणजे पहिला चोक असतो तिथे, आणि तोच तोच होतो.

दोन्हीत चोक तोच, कंडेन्सर तेच, फक्त रेक्टिफायरनंतर पहिलं कोण भेटतं ते बघा. समजा ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा आहे, म्हणजे मधल्या टॅपपासून दोन्हीकडे २५० व्होल्ट. पहिला कंडेन्सर असेल तर तो पीकपर्यंत (एसीच्या सर्वात वरच्या व्होल्टेजपर्यंत) चार्ज होतो, म्हणजे हलक्या लोडला ३५० च्या आसपास. पहिला चोक असेल तर सरासरी मिळते, २५० गुणिले ०.९, म्हणजे २२५, त्यातून ट्यूब आणि चोकमधला ड्रॉप वजा. म्हणून हम (स्पीकरमधली गुणगुण) येतो म्हणून चोकच्या आधी "एक जादा कंडेन्सर" लावू नका हो! हम जाईल, पण बी प्लस (ट्यूबच्या प्लेटना जाणारं डीसी व्होल्टेज) शंभरेक व्होल्टने उडेल आणि सगळ्या ट्यूब, रेझिस्टर, जुने पेपर कंडेन्सर ते झेलत बसतील. हम असेल तर चोकच्या नंतरचा सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला.

दुसरं, चोक इनपुटला थोडा करंट कायम वाहता लागतो, नाहीतर त्याचं व्होल्टेजही पीककडेच चढतं. ५० सायकलला ढोबळ हिशोब सोपा: व्होल्ट भागिले मिलिअँपिअर, तेवढे हेन्री किमान हवेत. १० हेन्रीचा चोक आणि २२५ व्होल्ट, तर २२-२३ मिलिअँपिअर कमीत कमी. त्यासाठीच ब्लीडर, म्हणजे आउटपुटवर कायम जोडलेला रेझिस्टर, असतो, १० किलोओहमचा, त्यात ५ वॉट जळतात म्हणून १० वॉटचा तरी घ्या. गरम होतो म्हणून तो कापून टाकलेले सेट मी पाहिलेत, फार वाईट वाटतं. आणि ट्यूब काढून, ब्लीडरशिवाय मीटर लावला की ३५० दिसणारच, ट्रान्सफॉर्मरला दोष देऊ नका.

माझं मत विचाराल तर कम्युनिकेशन रिसीव्हरला चोक इनपुटच, आरएफ गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) कमीजास्त केला, करंट बदलला तरी व्होल्टेज फारसं हलत नाही. पहिला चोक जरा गुणगुणतो, त्याच्यावर रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) जास्त असतो, तेवढ्यासाठी तो बदलू नका, स्क्रू आवळून बघा.