आंतरराष्ट्रीय राजकीय व्यंगचित्र

देशोदेशींचे सत्ताधीश, त्यांचे तह, युद्धे आणि आपसातले सौदे यांवर रेषेतून केलेले टीकात्मक भाष्य. अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्या-शरीराची अतिशयोक्ती, हे त्याचे एक साधन. पण नुसते नाक लांब केले की राजकीय व्यंगचित्र होत नाही. त्याला प्रसंग लागतो. चित्रातल्या कोणीतरी कोणाचे तरी काहीतरी हिरावलेले, लपवलेले किंवा मोडलेले असावे लागते. स्थानिक राजकारणापेक्षा परदेशी विषय काढणे अवघड, कारण वाचकाला ना तो नेता परिचयाचा असतो ना तो देश. यावर तोडगा म्हणून ठरीव प्रतीके आली: रशियाचे अस्वल, ब्रिटनचा सिंह आणि गलेलठ्ठ जॉन बुल, अमेरिकेचा अंकल सॅम, फ्रान्सची मारियान, चीनचा ड्रॅगन. ही प्रतीके सोयीची आहेत तशीच आळशीही. अस्वल काढले की रशियाचा वेगळा विचार करण्याची गरज उरत नाही, आणि पुष्कळ चित्रकारांनी ती सवलत मनसोक्त वापरली आहे.

या प्रकाराचा पाया लंडनमध्ये जेम्स गिलरे (१७५६–१८१५) याने घातला. तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने कोरलेली, हाताने रंगवलेली त्याची चित्रे हॅना हंफ्री हिच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील दुकानात विकली जात, आणि ज्यांना विकत घेणे परवडत नसे ते काचेबाहेर गर्दी करून फुकट पाहत. २६ फेब्रुवारी १८०५ रोजी निघालेले त्याचे ‘द प्लम पुडिंग इन डेंजर’ हे चित्र आजही या कलेचे मूळ पीठ मानले जाते. टेबलावर वाफाळणारे पुडिंग आहे आणि ते पृथ्वीचा गोल आहे. डावीकडे काडीसारखा किडकिडीत ब्रिटिश पंतप्रधान विल्यम पिट, उजवीकडे पिसांच्या भल्यामोठ्या टोपीखाली दबलेला ठेंगणा नेपोलियन. नेपोलियन खुर्चीवरून अर्धवट उठून, तलवारीने घाईघाईने युरोपचा लचका तोडतो आहे. पिट मात्र शांतपणे बसून अटलांटिक महासागर कापून घेतो आहे आणि त्याचा हिस्सा मोठा आहे. त्याच्या हातातला काटा नीट पाहिला तर तो समुद्रदेवाचा त्रिशूळ निघतो. त्याच वर्षी जानेवारीत नेपोलियनने इंग्लंडच्या राजाला समेटाचे पत्र पाठवले होते. समेट म्हणजे काय, याचे गिलरेने दिलेले उत्तर असे होते. ट्रॅफल्गरची आरमारी लढाई त्यानंतर आठ महिन्यांनी झाली.

चित्र इंग्रजाने काढले आहे, तरी त्यात इंग्रज सज्जन नाही. दोघेही दुसऱ्याच्या घरच्या अन्नावर ताव मारणारे आहेत. गिलरे निःस्पृह होता असा मात्र याचा अर्थ नव्हे. १७९७ पासून काही वर्षे त्याला सरकारकडून वार्षिक २०० पौंडांचा तनखा गुपचूप मिळत होता. नेपोलियन उंचीने त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या सरासरीत बसणारा होता, तरी जगाच्या आठवणीत तो बुटका राहिला. यातला मोठा वाटा गिलरेच्या ‘लिट्ल बोनी’ या पात्राचा.

टेबलावर मांडलेले जग ही कल्पना पुढे शंभर वर्षे वापरून गुळगुळीत झाली. १६ जानेवारी १८९८ रोजी पॅरिसच्या ‘ल पती जुर्नाल’मध्ये आंरी मेयरने चीनची पोळी वाटून घेणारी राणी व्हिक्टोरिया, जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म, रशियाचा झार निकोलस, मारियान आणि जपानी सामुराई काढले, मागे चिनी मानकरी हात वर करून ओरडतो आहे, त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याआधी १८४१ मध्ये निघालेल्या ‘पंच’ साप्ताहिकाने हा प्रकार भारदस्त केला. जॉन टेनियलचे १८९० मधले ‘ड्रॉपिंग द पायलट’ त्याचा कळस आहे: बडतर्फ जर्मन चान्सेलर बिस्मार्क जहाजाच्या शिडीवरून उतरतो आहे आणि वरून तरुण कैसर निर्विकारपणे पाहतो आहे. परंतु भारतीय वाचकाला टेनियलचे दुसरे चित्रही माहीत असायला हवे. ऑगस्ट १८५७ मध्ये त्याने बंगालच्या वाघावर झेपावणारा ब्रिटिश सिंह काढला. वाघाच्या पंजाखाली गोरी स्त्री आणि मूल पडलेले आहे. यात व्यंग नाही, आहे ती सूडाची हाक. आणि हे चित्र ‘पंच’च्या इंग्रज वाचकांना फार भावले. ‘पंच’चा साचा उचलून मुंबईतही पत्रे निघाली; ‘पारसी पंच’ आणि त्याचेच पुढचे रूप ‘हिंदी पंच’ ही त्यांतली ठळक.

व्यंगचित्राला भविष्य कळते असे म्हणण्याचा मोह विल डायसन या ऑस्ट्रेलियन चित्रकारामुळे होतो. मे १९१९ मध्ये लंडनच्या ‘डेली हेरल्ड’मध्ये त्यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय येथील तहाच्या बैठकीतून बाहेर पडणारे चार विजयी नेते काढले. पुढे असलेला फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसो थबकून म्हणतो, ‘नवलच! कुठंतरी मूल रडल्यासारखं वाटतंय.’ खांबाआड उघडे मूल हुंदके देत आहे आणि त्याच्या डोक्यावर लिहिले आहे: १९४० ची तुकडी. म्हणजे १९४० साली सैन्यभरतीच्या वयाला येणारी पिढी.

विसाव्या शतकातले सर्वांत प्रभावी नाव डेव्हिड लो (१८९१–१९६३) यांचे. न्यूझीलंडच्या डनीडिनमध्ये जन्मलेले लो १९१९ मध्ये लंडनला आले आणि १९२७ पासून ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये काढू लागले. मालक लॉर्ड बीव्हरब्रुक कट्टर साम्राज्यवादी, लो डाव्या विचारांचे. पण काय काढायचे ते लो ठरवतील, असा करारच होता. हुकूमशहांबद्दल त्यांचे निरीक्षण असे, की रक्तामांसाच्या चिखलातून चालणारा राक्षस म्हणून दाखवले तर हुकूमशहा नाराज होत नाही, उलट सुखावतो. त्याला सहन होत नाही ते गाढव ठरणे. लो यांचा हिटलर त्यामुळे आक्राळविक्राळ नसून चिडका, फुगलेला, स्वतःवरच खूश असलेला माणूस आहे. हा नेम बरोबर लागला. जर्मनीत ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’वर बंदी आली. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा तिथल्या नेत्यांनी या चित्रांचे गाऱ्हाणे मांडले, आणि परत आल्यावर हॅलिफॅक्स यांनी लो यांना भेटून जरा सबुरीने घ्या म्हणून सांगितले. लो यांनी काही काळ ऐकले, तेही आपल्या पद्धतीने: हिटलर आणि मुसोलिनी यांचे मिश्रण करून ‘मझलर’ नावाचा एकच हुकूमशहा काढला, म्हणजे कोणाही एकाला तक्रार करायला जागा नको. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ही सबुरी संपली.

२० सप्टेंबर १९३९ चे ‘रांदेव्हू’ (म्हणजे ठरवून झालेली भेट) ही त्यांची सर्वांत गाजलेली रेषा. पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला होता आणि तीनच दिवसांपूर्वी पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या होत्या. काळ्याकुट्ट ढगांखाली हिटलर आणि स्टालिन टोपी काढून एकमेकांना लवून नमस्कार करत आहेत. ‘भूतलावरची घाण ती आपणच ना?’ ‘कामगारांचे रक्तपिपासू मारेकरी आपणच वाटतं?’ दोघांच्या मधे प्रेत पडले आहे. शिव्या जुन्याच, वर्षानुवर्षे एकमेकांना दिलेल्या. नवा आहे तो अदबशीर सूर. नाझींनी इंग्लंड जिंकल्यावर अटक करायच्या माणसांची जी यादी बनवली होती, तीत लो यांचे नाव होते.

याच तंत्राचा दुसरा चेहराही नोंदवायला हवा. जर्मनीतल्या ‘डेर श्टुर्मर’ या नाझी साप्ताहिकाने ज्यूंची विद्रूप चित्रे आठवड्यामागून आठवडे छापली, त्याचा प्रकाशक युलिउस श्ट्राइखर याला १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यानंतर फाशी झाली. सोव्हिएत रशियात बोरिस येफिमोव्ह (१९००–२००८) यांनी पाश्चात्त्य नेत्यांची असंख्य चित्रे काढली. त्यांचे भाऊ, पत्रकार मिखाईल कोल्त्सोव्ह, यांना स्टालिनच्या राजवटीने १९४० मध्ये गोळ्या घातल्या होत्या. १९४७ मध्ये उत्तर ध्रुवावर फौजफाटा घेऊन निघालेल्या अमेरिकन सेनानी आयसेनहॉवरच्या चित्राची कल्पना खुद्द स्टालिनकडून आली आणि कच्च्या रेखाटनावर त्याने लाल पेन्सिलीने दुरुस्त्याही केल्या. नेत्याने व्यंगचित्र तपासून द्यावे, यापेक्षा मोठे व्यंग येफिमोव्ह यांना काढता आले नसते.

शीतयुद्धाने अणुबॉम्ब हे नवे प्रतीक दिले. ब्रिटिश चित्रकार लेस्ली इलिंगवर्थ यांच्या, क्युबातील क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगावरील २९ ऑक्टोबर १९६२ च्या चित्रात केनेडी आणि क्रुश्चेव्ह बॉम्बवर बसून घामाघूम होत पंजा लढवतात. एकेकाचे बोट बटणावर आहे. अमेरिकन चित्रकार डेव्हिड लेव्हिन यांनी १९६६ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पत्रकारांपुढे सदरा वर करून दाखवलेला शस्त्रक्रियेचा व्रण व्हिएतनामच्या नकाशाच्या आकाराचा काढला. एवढ्या कमी रेषांत एवढे मोठे अपयश क्वचितच मावले असेल.

नेत्यांचे चेहरे जवळपास टाळूनही हे काम करता येते, हे पॅलेस्टिनी चित्रकार नाजी अल-अली यांनी दाखवले. त्यांचा हंदाला हा दहा वर्षांचा अनवाणी मुलगा १९६९ मध्ये कुवेतच्या वृत्तपत्रात अवतरला. पुढे तो हात मागे बांधून वाचकाकडे पाठ करून उभा राहू लागला, आणि समोर जे घडते ते नुसते पाहत राहिला. अरब राज्यकर्ते, इस्रायल, अमेरिका, पॅलेस्टिनी पुढारी यांपैकी कोणीही अल-अलींच्या तावडीतून सुटले नाही. २२ जुलै १९८७ रोजी लंडनमध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि २९ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही. सीरियाचे अली फरझात यांनी २०११ मध्ये पळ काढणाऱ्या लिबियाच्या गद्दाफीच्या गाडीत जागा मागणारा सीरियाचा तेव्हाचा अध्यक्ष असद काढला. त्यानंतर ऑगस्टमध्ये बुरखाधाऱ्यांनी त्यांना उचलून नेऊन त्यांचे हात मोडले.

भारतात या परंपरेचा धागा थेट लो यांच्याशी जुळतो. म्हैसूरमध्ये वाढलेले आर. के. लक्ष्मण ‘द हिंदू’त पुनर्मुद्रित होणारी लो यांची चित्रे पाहत मोठे झाले. बाळासाहेब ठाकरे लो यांना गुरुस्थानी मानत. मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये हे दोघे काही काळ सहकारी होते. ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ सुरू केला आणि मराठी वाचकाला घरच्या पुढाऱ्यांबरोबर परदेशी पाहुण्यांचीही अर्कचित्रे पाहायची सवय लागली. ठाकरे यांच्या कुंचल्याच्या जाड-बारीक फटकाऱ्यांत लो स्पष्ट दिसतात. अबू अब्राहम यांनी उलटी वाट धरली: १९५६ ते १९६६ ते लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’साठी काढत होते.

परकी चित्रे भारताकडे कशी पाहतात, याचा अनुभव २०१४ मध्ये आला. मंगळयान २४ सप्टेंबरला कक्षेत पोहोचल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेटेवाला शेतकरी गाय घेऊन ‘एलिट स्पेस क्लब’चे दार ठोठावतो आहे, असे चित्र छापले. चित्रकार सिंगापूरचे हेंग किम साँग. वाचकांच्या संतापानंतर संपादकांनी माफी मागितली. अवकाशावर श्रीमंत देशांची मक्तेदारी राहिली नाही, हे आत सोफ्यावर बसलेल्या साहेबांवर मारलेला शेलका टोला होता, असा बचाव झाला. पण डोळ्यात भरत होती ती गाय.

याच दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत एप्रिल २०१९ मध्ये नेतान्याहू यांना कुत्रा आणि ट्रम्प यांना त्याच्यामागून जाणारा आंधळा दाखवणारे चित्र आले. ज्यूविरोधी म्हणून ते मागे घेतले गेले, आणि १ जुलैपासून त्या आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रेच बंद झाली. चीनमध्ये २०१३ पासून शी जिनपिंग यांची तुलना विनी द पूह या गुबगुबीत अस्वलाशी होऊ लागली आणि सरकारी यंत्रणा ती चित्रे पुसत बसली. ओबामांबरोबर चालतानाचे छायाचित्र आणि शेजारी पूह, एवढ्यावर काम भागले होते. जानेवारी २०२५ मध्ये व्यंगचित्रकार ॲन टेल्नेस यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ सोडले. ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकणाऱ्या धनाढ्यांचे चित्र नाकारले गेले होते आणि त्या धनाढ्यांत वृत्तपत्राचे मालक जेफ बेझोसही होते. त्याच विषयावर लेख येऊन गेल्यामुळे पुनरुक्ती टाळली, असे संपादकांचे म्हणणे होते. टेल्नेस यांनी ते कच्चे रेखाटन स्वतःच इंटरनेटवर टाकले. त्याच वर्षी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले.