फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्येही बर्फ साचतो!

'फ्रॉस्ट-फ्री' म्हणजे बर्फ साचतच नाही, असं बहुतेकांना वाटतं. जाहिरातीही तसंच भासवतात. प्रत्यक्षात या फ्रीझरमध्ये बर्फ रोज साचतो, पण आपल्या नजरेआड. आणि तो वितळवण्यासाठी फ्रीझरच्या पोटात चक्क हीटर लागतो!

आतलं मागचं पॅनल काढलं की ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून नागमोडी गेलेली नळी दिसते. ही कॉइल. पंखा आतली हवा सतत हिच्यावरून फिरवतो. दार उघडताना शिरलेली आणि उघड्या पदार्थांतून सुटलेली वाफ इथे, सर्वांत थंड जागी, थेट बर्फ होऊन बसते. पात्यांमधल्या फटी बुजल्या की हवेची वाट बंद. म्हणून कॉम्प्रेसर काही तास चालला की टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक कार्ड त्याला थांबवतं आणि कॉइलखालचा हीटर सुरू करतं.

टायमर सुरुवात ठरवतो, पण शेवट? तो ठरवतो बायमेटल. कॉइलला चिमट्याने लावलेली बटणाएवढी डबी. तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना घट्ट जोडून केलेली चकती तिच्यात असते. तापली की एक बाजू जास्त पसरते आणि चकती 'टिक्' करून उलटी वळते, हीटरचा प्रवाह तुटतो. आता गंमत बघा. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि तो पूर्ण वितळेपर्यंत तापमान शून्याच्या आसपासच रेंगाळतं. बर्फ संपला की मगच कॉइल झपाट्याने तापते. बायमेटल सहसा १० अंशांच्या आसपास उघडतो, म्हणजेच प्रवाह तोडतो, त्यामुळे बर्फ संपल्याची वर्दी त्याला आपोआप मिळते. ना कॅमेरा, ना 'स्मार्ट' काही. मला या यंत्रातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. नव्या फ्रीजमध्ये त्याच्या जागी बऱ्याचदा सेन्सर असतो, तत्त्व तेच.

ही साखळी तुटली की फ्रीझरखालचा फ्रीजचा कप्पा आधी गरम होतो, कारण थंड हवा तिथे फ्रीझरमधूनच येते. मग कुणीतरी 'गॅस संपला' म्हणून मोकळं होतं. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. गळती असेल तरच कमी होतो. पॅनल उघडून बघा: गॅस कमी असेल तर कॉइलच्या एखाद्याच भागावर बर्फ असतो. पूर्ण कॉइल पांढऱ्या ढिगाखाली गाडली गेली असेल, तर दारातून हवा शिरत नाही ना ते पाहून डीफ्रॉस्टवर, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या या यंत्रणेवर संशय घ्या. फ्रीज २४ तास बंद, दार उघडं ठेवून सगळा बर्फ जाऊ द्या. नंतर काही दिवस छान चालून पुन्हा तेच झालं, तर हीटर, बायमेटल, थर्मल फ्यूज (फार तापल्यास प्रवाह तोडणारा) किंवा टायमर यांपैकी एक गेलाय.

प्लग काढूनच तपासा. बायमेटल मात्र गोठलेला असतानाच मल्टिमीटरने मोजावा. खोलीच्या तापमानाला तो उघडाच असतो, त्यामुळे चांगलाही बाद ठरतो. सुरीने बर्फ खरवडू नका. नळी फुटते, आणि अनेक फ्रीजच्या नळीत असलेला आर-६००ए हा गॅस ज्वलनशील आहे.

फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी जमत असेल, तर वितळलेलं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलीय. बर्फ गेल्यावर तिच्या तोंडाशी थोडं कोमट पाणी ओता. मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये ते टपटपलं की वाट मोकळी झाली.