जिनिव्हातला तंटा आणि दिल्लीतली रदबदली

ऊसदराचा विषय निघाला की शिरोळपासून कागलपर्यंत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ब्राझीलनं डब्ल्यूटीओत आपलं नाक दाबलं आणि त्यांच्याच राजदूतानं इथेनॉल आपल्या गळ्यात मारलं.’ डब्ल्यूटीओ म्हणजे जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना. ऐकून ऐकून कान किटले. जिनिव्हातला तंटा आणि दिल्लीतली रदबदली या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मराठी मथळ्यांनी दोन्हींना ‘दबाव’ हा एकच शब्द चिकटवून ठेवलाय, त्याचा मला विशेष राग आहे.

एफआरपी म्हणजे केंद्रानं ठरवलेला, कारखान्यानं उसाला द्यायचाच किमान दर, आणि उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. याहून खोलात इथं जात नाही.  

आधी तंटा. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर धोरणाविरुद्ध डब्ल्यूटीओत तक्रार केली. तिथं तक्रार सरकारच करू शकतं, आणि तीही समोरच्यानं सही केलेल्या कराराचं कलम दाखवूनच. उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आधार द्यायचा नाही, ही भारताला लागू असलेली मर्यादा. भारताचं म्हणणं, एफआरपी कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून काही जात नाही. इथल्या कुठल्याही ऊस उत्पादकानं हेच सांगितलं असतं. तक्रार ऐकणाऱ्या डब्ल्यूटीओच्या पॅनेलनं ते मानलं नाही. दर सरकार ठरवून देतं ना, मग पैसे कुणी का मोजेना, तो आधारच, असा निकाल १४ डिसेंबर २०२१ ला आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारतानं मर्यादा ओलांडली, असंही ठरलं. निर्यात अनुदान १२० दिवसांत मागं घ्या, अशी शिफारस झाली.

आणि घोळ नेमका इथून पुढं होतो. ‘निकाल विरोधात गेला, म्हणजे धोरण बदलावं लागलं’ असं लोक धरून चालतात. भारतानं त्यावर अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ मात्र डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होतं, कारण अमेरिकेनं नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या होत्या. त्यामुळं निकाल लागू झालाच नाही आणि ते १२० दिवस सुरूच झाले नाहीत. समजा झाले असते, तरी डब्ल्यूटीओ कुणाच्या कारखान्याला टाळं लावत नाही. फार तर जिंकलेल्या देशाला भारताच्या मालावर जादा कर बसवायची मुभा मिळते. पुरावा हवा असेल तर दर बघा. २०२१-२२ ला टनाला २९०० असलेली एफआरपी २०२५-२६ ला ३५५० झाली. हा दर ज्या उताऱ्यावर धरतात तो पाया मधे वाढवला ही तक्रार रास्त आहे, पण ती दिल्लीकडं करायची, जिनिव्हाकडं नाही.

आता रदबदली. इथं कलम नाही, निकाल नाही, बऱ्याचदा कागदही नाही. दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हे मुत्सद्द्यांचे नियम ठरवणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं बंधन आहे. पण आर्थिक संबंध वाढवणं हे त्याच करारानुसार वकिलातीचं काम आहे. या दोन ओळींच्या मधल्या जागेत मुत्सद्दी काम करतो. मंत्रालयात भेटीगाठी, उद्योजकांचे दौरे, तंत्रज्ञांच्या बैठका. यजमान देशाला मुळात काय हवंय ते हेरायचं आणि त्याला आपलं हित जोडून द्यायचं. नसलेली इच्छा मुत्सद्द्याला निर्माण करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ब्राझील १९७५ पासून उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालवतोय, त्यामुळं त्याच्या शब्दाला वजन आहे. जानेवारी २०२० मध्ये ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो प्रजासत्ताक दिनाला आले, तेव्हा जैवऊर्जेचा सामंजस्य करार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत जागतिक जैवइंधन आघाडी उभी राहिली. पण आपला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ चा, आणि त्यामागं तेल आयातीचं बिल आणि गोदामातली पडून राहिलेली साखर. ‘गळ्यात मारलं’ कसं म्हणायचं?

‘एकीकडं खटला, दुसरीकडं दोस्ती, हा दुटप्पीपणा’ असंही म्हणतात. दुटप्पीपणा नाही, हिशेब सरळ आहे. ब्राझील जगातला सर्वांत मोठा साखर निर्यातदार. भारताची साखर जागतिक बाजारात कमी यावी, एवढंच त्याला हवंय. अनुदान बंद पडलं तरी ते साधतं, ऊस इथेनॉलकडं वळला तरी साधतं.

डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं निर्बंध घातले, तेव्हाही ‘परदेशी दबाव’ म्हणून ओरड झाली. पाऊस कमी पडला होता, साखर कमी पडेल या धास्तीनं तो निर्णय झाला. ब्राझीलला तर उलटच हवं होतं!

लक्ष ठेवायचंच असेल तर अमेरिकेवर ठेवा. इंधनात मिसळायला परदेशी इथेनॉल आणू द्यायचं नाही, हे आपलं धोरण तिला खुपतं. तिच्याकडं मक्याचं इथेनॉल मुबलक आहे. हा विषय जिनिव्हात नाही, वाटाघाटींच्या टेबलावर आहे, आणि समोरच्याच्या हातात आयात कराचा बडगा आहे. हे दार किलकिलं झालं तर कारखान्यांच्या इथेनॉल गाळणाऱ्या डिस्टिलरींना त्याची झळ पहिल्यांदा लागेल.